डोंगरातला कस असतो कुठे? बुग्यालची काळी माती आणि राजापूरचा सडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातले एक आंबा बागायतदार हिमालयातल्या गढवालात ट्रेकला जाऊन आले. साडेतीन हजार मीटरच्या आसपास, बुग्यालात, म्हणजे तिथल्या उंचावरच्या कुरणात, पाय रुतेल अशी काळीभोर माती त्यांनी पाहिली, पण तिच्यावर उगवतं ते वीतभर गवत. इकडे सह्याद्रीतल्या अणुस्कुरा घाटात झाडी अशी की ऊन खाली पोचत नाही, आणि माती मात्र तांबडी. तेव्हा डोंगरात उंचीप्रमाणे अन्नद्रव्यं वाटली जातात तरी कशी, असं ते विचारतात. शिवाय घाटातल्या जंगलातली माती डंपरने आणून सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरच्या, कलमांच्या खड्ड्यांत भरली तर कलमं उठतील का, हेही त्यांना हवं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: ती माती आणू नका. एक तर १९२७ च्या भारतीय वन कायद्यात जमिनीचा वरचा थर हासुद्धा वनोपज धरलेला आहे. राखीव वनातून परवानगीशिवाय तो उचलणं गुन्हा आहे. आणि कायद्याचं सोडा, ते पैसेही पाण्यात जातील. का जातील, हे समजायला तुमच्या पहिल्या प्रश्नातूनच जावं लागेल.

उंची स्वतः काही वाटत नाही. उंचीबरोबर तापमान बदलतं, पाऊस बदलतो, उतार बदलतो, बर्फ किती महिने राहतं ते बदलतं, आणि अन्नद्रव्यं त्यांच्यामागे जातात. म्हणून कुठलाही डोंगर बघताना मी दोनच गोष्टी शोधतो. इथलं नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), चुना (कॅल्शियम) येतं कुठून, आणि अडतं कुठे. त्यातही अडतं कुठे हे आधी.

हिमालयात ते थंडीने अडवलेलं आहे. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने गार होते. म्हणजे साडेतीन हजार मीटरवर समुद्रसपाटीपेक्षा बावीस-तेवीस अंशांचा फरक. मातीतल्या जिवाणूंचं आणि बुरशीचं काम दर दहा अंशांना ढोबळमानाने निम्मं होतं. गवत दरवर्षी मरतं, मुळं मरतात, पण कुजण्याचा वेग इतका मंद की मेलेलं सगळं वर्षानुवर्षं साठत जातं. तुम्ही पाहिलेला काळा रंग त्या साठ्याचा. त्या मातीतलं एकूण नत्र काढलं तर आकडा पाहून कोकणातला कुणीही बागायतदार हरखून जाईल. मात्र कुठल्याही मातीत एकूण नत्रापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त भाग सेंद्रिय रूपात असतो, आणि त्याचं अमोनियम किंवा नायट्रेट झाल्याशिवाय बहुतेक झाडांना तो घेता येत नाही. ते करणारे जीव तिथे गारठलेले. माती काळी, आणि झाड उपाशी.

वीतभर गवताचा सगळा दोष मातीच्या माथी मारू नका, हेही सांगतो. वाढीच्या हंगामात मुळांपाशी सरासरी सहा-साडेसहा अंशांपेक्षा कमी तापमान असलं की झाडाला नवं लाकूड घडवताच येत नाही. जगभरातल्या डोंगरांवर वृक्षरेषा, म्हणजे जिच्यावर झाडं उगवत नाहीत ती रेषा, साधारण याच तापमानाला थांबते, मग ती हिमालयात कितीही मीटरवर असो आणि आल्प्समध्ये कितीही. त्या बुग्यालात तुम्ही युरियाची पोती ओतलीत तरी देवदार उगवणार नाही. होईल एवढंच की दोन-चार दांडगी गवतं माजतील आणि त्यांच्यामधली लहान फुलझाडं दडपली जातील. अमेरिकेत, कोलोरॅडोच्या नायवॉट रिजवर अशा माळांचा फार वर्षं अभ्यास चालू आहे, आणि जास्तीच्या नत्राने तिथे नेमकं हेच घडताना दिसलं आहे.

त्याच डोंगरावरची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. हिवाळ्यात बर्फाच्या जाड थराखाली माती उघड्या मातीइतकी गोठत नाही, शून्याच्या आसपास राहते, आणि थंडीला सरावलेले सूक्ष्मजीव तेवढ्यात आपलं काम चालू ठेवतात. त्यांची संख्या हिवाळ्याच्या शेवटी सर्वांत जास्त असते. बर्फ वितळू लागलं की ते मोठ्या प्रमाणात मरतात आणि त्यांच्या अंगातलं नत्र एकदम मोकळं होतं. झाडांना ते थोड्या दिवसांत उचलायचं असतं, नाहीतर बर्फाच्या पाण्याबरोबर खाली गेलंच. कोब्रेसिया म्हणून मोथ्याच्या कुळातली एक वनस्पती आहे, आपल्याकडच्या हिमालयातही आहे. ती तर कुजण्याची वाट न बघता अमिनो आम्लाच्या रूपातलं नत्र थेट मुळांनी ओढते.

बर्फ मात्र सगळीकडे सारखं पडून राहत नाही. वारा धारेवरचं बर्फ उडवतो आणि पलीकडच्या खळग्यात टाकतो. बर्फाबरोबर वाळका पाला जातो, धूळ जाते. त्यामुळे धार उघडी, खडबडीत, रोडावलेली, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरचा खळगा ओला, गाळाने भरलेला. या दोन जागांमधला अन्नद्रव्यांचा फरक कधी कधी पाचशे मीटर चढल्यावर दिसणाऱ्या फरकापेक्षा जास्त असतो. उंचीप्रमाणे वाटणीचे जे पट्टे पुस्तकात काढलेले असतात ते डोंगरावर असे तुटक दिसतात.

आणि मेंढरं. तुमच्या वाटेवर मेंढपाळांचे जुने तळ लागले असतील. दगडांचा ओटा, शेजारी सपाट जागा, आणि त्या सपाटीवर गुडघाभर उंच, रुंद पानांची, गर्द हिरवी झाडं माजलेली. चार पावलांवर मात्र पुन्हा तेच तोकडं गवत. ती रुंद पानांची झाडं बहुधा रुमेक्स नेपालेन्सिसची, म्हणजे आपल्या आंबट चुक्याच्या भाऊबंदांपैकी. मेंढरं दिवसभर अख्खा माळ चरतात आणि रात्री एका जागी बसतात. माळभर विखुरलेलं नत्र, पालाश पोटात घालून ती एका जागी आणून टाकतात. मेंढपाळ तळ सोडून गेले तरी ही झाडं तिथून हलत नाहीत. डोंगरात अन्नद्रव्यं फक्त खालीच जातात असं समजणाऱ्यांना मी हे तळ बघायला सांगतो.

हे नत्राचं झालं. स्फुरदाची गोष्ट वेगळी आहे, आणि तुमच्या सड्याशी तिचाच जास्त संबंध आहे.

नत्र हवेतून येऊ शकतं, स्फुरद मुळात दगडातून येतं. हिमालय तरुण आहे, अजून उचलला जातोय, दरडी पडतायत, हिमनद्या दगड भरडतायत. ताजा दगड सतत उघडा पडतो, त्यामुळे तिथे स्फुरद सहसा फार कमी पडत नाही. हिमनदी मागे हटली की खाली उरतो तो भरडलेला दगडगोटा. त्यात स्फुरद आहे, चुना आहे, नत्र जवळजवळ नाही. म्हणून तिथे पहिल्यांदा पाय रोवतात त्यांत मुळांवर गाठी असलेली, हवेतलं नत्र बांधणारी झाडं असतात. लडाख-स्पितीतलं नदीकाठचं काटेरी सीबकथॉर्न त्यातलंच.

काळ जातो तसं हे चित्र उलटं होतं. माती म्हातारी होत जाते तसतसा दगडातला स्फुरद झिजतो, वाहून जातो, आणि उरलेला लोह-ॲल्युमिनियमला असा चिकटतो की सुटत नाही. वॉकर आणि सायर्स या दोघांनी १९७६ मध्ये न्यूझीलंडच्या मातीवरून हा क्रम मांडला. पुढे हवाई बेटांवर त्याची चांगली तपासणी झाली, कारण तिथे तीनशे वर्षांच्या लाव्ह्यापासून सुमारे ४१ लाख वर्षांच्या लाव्ह्यापर्यंत सगळ्या वयाच्या जमिनी एका ओळीत आहेत. सर्वांत तरुण जमिनीवरचं जंगल नत्र घातल्यावर वाढलं, सर्वांत जुन्या जमिनीवरचं स्फुरद घातल्यावर.

आता सह्याद्रीकडे या. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मुळात हा बेसाल्ट काही दरिद्री दगड नाही. चुना, मॅग्नेशियम, लोह भरपूर, स्फुरदही बऱ्यापैकी. देशावर याच दगडाची काळी कसदार माती झाली आणि कोकणात याच दगडाचा जांभा झाला. फरक पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि तिथून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर, वाईला, हजाराच्याही आत. वाईकडच्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात, कारण पाऊस चुना पार धुऊन नेण्याइतका पडतच नाही. महाबळेश्वरच्या माथ्यावर मात्र जांभ्याचं टोपण आहे. चुना, मॅग्नेशियम, पालाश, इतकंच काय सिलिकासुद्धा पावसाने धुऊन नेला, आणि मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. तांबडा रंग त्या लोखंडाचा. खाली रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरही तेच.

धुतल्यानंतर जी चिकणमाती उरते ती प्रामुख्याने केओलिनाइट जातीची. काळ्या मातीतली चिकणमाती पालाश, चुना, अमोनियम धरून ठेवते, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही केओलिनाइट कष्टाने धरते. म्हणजे तुम्ही जूनमध्ये टाकलेला पालाश जुलैच्या झडीत धरायला तिथे कुणी नसतं. आणि स्फुरदाचं नेमकं उलट. तो धरला जातो, पण लोह-ॲल्युमिनियमकडून, आणि कलमाच्या मुळाला सहजी मिळत नाही.

मग एवढं जंगल उभं कशावर? घाटातल्या सदाहरित रानात पावसाळ्यानंतर हाताने जमीन उकरून बघा, फावडं लागणार नाही. वर कोरडा पाला. त्याखाली ओला, चिकटलेला, अर्धवट कुजलेला पाला, आणि त्यात पांढऱ्या धाग्यांचं जाळं; ती बुरशी. त्या जाळ्यातच केसासारखी मुळं शिरलेली, काही तर थेट कुजणाऱ्या पानाला चिकटलेली. वीतभर खाली गेलात की तीच तांबडी माती आणि बारीक मुळं एकदम विरळ. तिथलं रान म्हणजे हातावर पोट असलेलं घर: रोज मिळवायचं, रोज खायचं, शिल्लक काही नाही. पान पडलं, उबेने आणि ओलाव्याने काही महिन्यांत कुजलं, आणि सुटलेलं अन्नद्रव्य मातीत उतरायच्या आत बुरशीने उचलून पुन्हा झाडाला दिलं. अन्नद्रव्यांचा मोठा हिस्सा मातीत नसून उभ्या झाडांत आणि या पातळ थरात फिरत असतो.

तुमच्या डंपरमध्ये काय येईल, ते आता दिसलं असेल. झाडं येणार नाहीत. मुळं तुटलेली येतील, बुरशीचं जाळं फाटलेलं येईल. सड्यावरच्या उन्हात ते सेंद्रिय द्रव्य एक-दोन हंगामांत जळून जाईल, आणि खड्ड्यात उरेल तीच तांबडी, स्फुरद गिळणारी माती, जी तुमच्याकडे आधीच आहे. वर घाटातला एक उतार उघडा पडेल, ते वेगळंच.

सड्याकडेही एकदा नीट बघा. ऑगस्ट-सप्टेंबरात कातळावरच्या उथळ खळग्यांत बोटभर माती आणि पाणी असतं, आणि त्यात गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांबरोबर सीतेच्या आसवांची जांभळी-निळी फुलं असतात. त्या फुलाखालचा चिखल हलक्या हाताने धुऊन भिंगाखाली धरा. बारीक धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे दिसतील. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाला धडकला की झडप उघडते आणि तो आत ओढला जातो. शेजारीच दवबिंदूचं झाड चिकट थेंबांवर चिलटं धरत असतं. हवा आणि ऊन खायला मिळतंय, पण मातीत नत्र नाही, म्हणून ही झाडं शिकार करतात. ज्या जमिनीवर झाडांना किडे खावे लागतात तिथे सुरुंग लावून मीटरभराचा खड्डा पाडून आपण कलम लावतो, आणि चौथ्या वर्षी ते पिवळं का पडलं म्हणून विचारतो!

मग धुपून गेलेलं गेलं कुठे? कोकणातल्या जुन्या गावाची मांडणीच याचं उत्तर देते. वर सडा, त्यावर फार तर गवत. त्याखाली उतारावर वरकस, म्हणजे हलकी जमीन, नाचणी-वरीची. उतार सरतो तिथे भातखाचरं. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, आणि नदीच्या काठाला मळे जमीन. शेवटी आगर, नारळ-सुपारीचं. आपल्या पूर्वजांनी माती परीक्षण न करता ओळखलं होतं की कस खाली सरकतो आणि बांधाला अडतो. अणुस्कुऱ्याच्या बाजूने येणारी अर्जुना पावसाळ्यात राजापूरच्या बाजारपेठेत शिरते तेव्हा तिच्या पाण्याचा रंग बघा. तो वरच्या उतारांचा वरचा थर आहे. गंगेसारख्या नदीला डोंगर सोडल्यावर शेकडो किलोमीटरचं मैदान मिळतं, गाळ पसरायला जागा मिळते. आपल्या नद्या शंभर किलोमीटरच्या आतबाहेर धावून समुद्राला मिळतात. त्यांचा गाळ खाचरात नाही अडला तर थेट खाडीत. तिथे तिवरं तो धरतात, कोळंबी आणि मासळी त्यावर पोसते. डोंगराचं नुकसान म्हणजे खाडीची मिळकत, एवढं तरी खरं.

समुद्रही थोडं परत देतो. लाटांच्या तुषारांतून सोडियम, मॅग्नेशियम, गंधक हवेत जातं आणि पावसाबरोबर डोंगरावर पडतं. हवाईच्या सर्वांत जुन्या जमिनींवर दगड निकामी झाल्यावर चुना-मॅग्नेशियम मुख्यतः समुद्राकडून आणि स्फुरद आशियातून उडत आलेल्या धुळीतून मिळतो, असं मोजलेलं आहे. मात्र त्या भरवशावर हापूसची बाग होत नाही. मॅग्नेशियम आलं म्हणून स्फुरद येत नाही.

तेव्हा सड्यावर काय करायचं. वरून आणून ओतण्यापेक्षा जे आहे ते अडवण्यावर खर्च करा. खड्डा भरायला गाळ हवाच असेल तर आपल्या पऱ्याच्या तोंडचा किंवा तळ्याचा गाळ घ्या, भरपूर शेणखत मिसळून. प्रत्येक कलमाच्या उताराच्या बाजूला अर्धचंद्रासारखा दगडी बांध घाला. जांभ्याचे तुकडे तिथेच पडलेले असतात. बांधावर गिरिपुष्प लावा, त्याची मुळं नत्र बांधतात, आणि पावसाळ्यात दोनदा छाटून पाला बुंध्याभोवती पसरा, बुंध्याला चिकटवू नका. बागेतला पालापाचोळा गोळा करून पेटवणं आजपासून बंद. पेटवलं की नत्र आणि गंधक धुरात जातं, आणि उताराला पडलेली राख पहिल्या वळवाबरोबर पऱ्यात. राबाची गोष्ट वेगळी: तिथे कवळ (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), शेण, गवत तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं वाढवायच्या, सपाट जागेवर भाजतात, राख लगेच नांगरून मातीत जाते आणि रोपं ती वापरतात. उतारावरच्या वणव्याला राबाचा दाखला देणारे लोक भेटतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

रासायनिक खताची मात्रा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे झाडाच्या वयावर ठरवा. कातळावरच्या उथळ मातीत मात्र सगळं नत्र आणि पालाश एका दमात देऊ नका असं माझं मत आहे. काही भाग पावसाचा जोर ओसरल्यावर, ओल असताना द्या. स्फुरद विरघळणारा घेऊन सगळीकडे भुरभुरलात तर लोखंड तो खाऊन टाकेल. फांद्यांच्या विस्ताराच्या कडेखाली चर काढून शेणखतात मिसळून द्या. आम्ल मातीत रॉक फॉस्फेट हळूहळू सुटतं आणि स्वस्त पडतं, ते नव्या खड्ड्यांना चांगलं. सामू (pH) साडेपाचच्या खाली असेल तर थोडा डोलोमाइट चुना, पण अंदाजाने ओतू नका. चुना जास्त झाला की जस्त आणि बोरॉन मिळेनासं होतं आणि नवं दुखणं सुरू होतं.

माती तपासायला द्याल तेव्हा नमुना झाडाच्या विस्ताराच्या कडेखालून, निरनिराळ्या कलमांखालून घ्या आणि एकत्र करा. नुकतंच खत घातलेली जागा टाळा. अहवालात उपलब्ध स्फुरद कुठल्या पद्धतीने काढलाय ते विचारा. ओल्सेनची पद्धत मुळात चुनखडीच्या मातीसाठी आहे, आपल्या आम्ल मातीला ब्रेची पद्धत लागते. सेंद्रिय कर्बाचा आकडा चांगला आला तरी खूश होऊ नका, कोकणात तो बरेचदा चांगलाच येतो. त्याच्याखालच्या ओळीत चुना, मॅग्नेशियम, पालाश किती आहे ते वाचा, आणि अहवाल माझ्याकडे पाठवलात तर मात्रेबद्दल नेमकं बोलता येईल.